महामार्ग वरून गेला, पेठ खाली राहिली

कणकवलीच्या आप्पासाहेब पटवर्धन चौकात आज कोणी उभा राहिला तर डोक्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज त्याला ऐकू येतो, गाड्या मात्र दिसत नाहीत. उड्डाणपूल होण्यापूर्वी मुंबईहून गोव्याकडे जाणारा ट्रक, लक्झरी, एस.टी., सारे याच चौकात येऊन हळू होत. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, ज्याला २०१० च्या नव्या क्रमवारीत ६६ हा आकडा मिळाला, गावाच्या बाजूने नव्हे तर गावाच्या पोटातून जात होता. महामार्ग हाच बाजार होता. चहाची टपरी, फळांच्या हातगाड्या, पंक्चरवाला, बॅटरीवाला, काजू-कोकमाचे दुकान, बेकरी, सगळे रस्त्याकडे तोंड करून बसलेले. वाहनांच्या कोंडीला ड्रायव्हर शिव्या देत आणि दुकानदार मनातल्या मनात शुक्र अदा करीत.

सिंधुदुर्गातील चौपदरीकरण २०१७ पासून मार्गी लागले. दुकानांचे दर्शनी भाग गेले, पत्र्याच्या पडव्या गेल्या, काही ठिकाणी इमारतीच गेल्या. धूळ आणि चिखलाचे काही हंगाम काढल्यावर पूल उभा राहिला. त्याचा काही भाग खांबांवर आहे, काही भाग दोन्ही बाजूंना भिंत घालून मध्ये मातीचा भराव टाकून केलेला. एस. एम. हायस्कूलजवळची ही भिंत जुलै २०२० च्या पावसात कोसळली, तेव्हा भराव नको, खांब हवेत ही मागणी जोरात पुढे आली. ती केवळ जिवाच्या भीतीने नव्हती. खांबांखालून माणूस इकडचा तिकडे जातो, रिक्षा वळते, हातगाडी उभी राहते. भिंत आली की एका पेठेच्या दोन पेठा होतात आणि समोरच्या दुकानात जायला गिऱ्हाइकाला वळसा पडतो. इंजिनिअरच्या नकाशावर भिंत आणि खांब यांच्यातला फरक खर्चाचा असतो. पेठेच्या दृष्टीने तो रोजीचा असतो.

या पुलाखाली, त्याच्या जोडरस्त्यांवर आणि जिल्ह्यातल्या इतर पेठांमध्ये आमच्या समाजाची दुकाने थोडी नाहीत. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत आणि आचरा, मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत गॅरेज, वेल्डिंग, टायर, भंगार, बेकरी, चिकन-मटण, सुकी मासळी, शिलाई, चप्पल, घड्याळ दुरुस्ती, गादी-उशी या धंद्यांत आमचे बांधव पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांतले बहुसंख्य दुकानाचे मालक नाहीत, भाडेकरू आहेत. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे. रस्ता हलला की गिऱ्हाईक हलते, हे तर सर्वांना दिसते. पण रस्ता हलताना जो पैसा वाटला जातो तो कोणाकडे जातो आणि कोणाच्या हातात काहीच येत नाही, हे दुकान पडल्यावरच समजते.

आधी गिऱ्हाइकाचे पाहू. महामार्गावरच्या पेठेत दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक असते. एक जाता जाता थांबणारे, दुसरे ठरवून येणारे. जाता जाता थांबणारा चहा घेतो, केळी घेतो, टायर दाखवतो, मुलांसाठी खाजे घेतो आणि पुन्हा कधी भेटत नाही. ठरवून येणारा आसपासच्या वाडीतला असतो. त्याला दवाखाना असतो, कोर्टाची तारीख असते, बँकेत काम असते, लग्नाचे कपडे शिवायचे असतात. तो बाजाराच्या दिवशी येतो आणि पुढच्या आठवड्यालाही येतो. पूल वरून गेला म्हणजे पहिला गेला, दुसरा राहिला. कणकवलीत बोलताना एका जुन्या फळविक्रेत्याने आम्हाला मालवणीत एका वाक्यात हिशेब सांगितला, "गाडये वरसून जातत, खाली कोण येतलो?" त्याच्याच शेजारच्या शिंप्याची तक्रार मात्र वेगळी होती. गिऱ्हाईक तेवढेच आहे, पण स्कूटर लावायला जागा नाही म्हणून ते चिडून येते. दोघांची दुकाने एकाच रांगेत, दोघांचे दुखणे निराळे. आपला धंदा यांपैकी कोणत्या गिऱ्हाइकावर चालतो, याचा ताळा प्रत्येकाने एकदा वहीवर घालून पाहावा. महिनाभर रोज संध्याकाळी दोन रकाने लिहिले तरी पुरे, ओळखीचे किती आणि अनोळखी किती.

असे पहिल्यांदाच घडते आहे असे नाही. या किनाऱ्यावर वाट बदलली आणि पेठ ओस पडली, ही गोष्ट हजार वर्षे जुनी आहे. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा इ.स. १००८ चा ताम्रपट सापडला. एकेकाळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबते थेट खारेपाटणपर्यंत येत आणि घाटावर जाणारा माल तिथून बैलांवर चढे. मुसलमान व्यापाऱ्यांची तिथे मोठी वस्ती होती. खाडी गाळाने भरत गेली, वाहतूक पाण्यावरून रस्त्यावर आली आणि बंदराची पेठ महामार्गाशेजारचे एक गाव होऊन राहिली. वेंगुर्ल्याचे उदाहरण याहून बोलके आहे. डचांनी तिथे वखार घातली होती, पुढे इंग्रजांच्या काळात बेळगावकडचा कापूस आणि इतर माल आंबोली घाटातून वेंगुर्ला बंदरात उतरे. १८८८ मध्ये मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माल गोव्याकडे वळला. वेंगुर्ल्याच्या पेठेतल्या कोणाचाही यात दोष नव्हता. माल तोलण्यात त्यांनी खोट केली नव्हती, भावही वाढवले नव्हते. वाट बदलली, एवढेच. पुढे किनाऱ्याने जाणाऱ्या प्रवासी बोटीही बंद झाल्या आणि मालवण, देवगड, विजयदुर्गच्या धक्क्यांवरचा हमाल, खानावळवाला आणि पेटी दुरुस्त करणारा आपली पथारी उचलून एस.टी. स्टँडाकडे गेला. तो धंदा आता महामार्गाच्या पुलाखाली येऊन अडकला आहे.

सावंतवाडीने हा अनुभव कणकवलीच्या आधी घेतला. झाराप ते पत्रादेवी हा टप्पा जिल्ह्यात सर्वांत आधी चौपदरी झाला आणि आकेरी, सावंतवाडी, इन्सुली घाट असा जाणारा जुना रस्ता बाजूला पडला. पूर्वी गोव्याला जाणारा प्रवासी मोती तलावाच्या काठाने जात असे, गाडी थांबवून चितारआळीतून लाकडी फळे, बाहुल्या, पाट घेत असे. आता सावंतवाडीला जायचे तर ठरवून वळावे लागते. तरीही सावंतवाडी मेली नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. मंगळवारचा आठवडा बाजार आजही भरतो. तालुक्याची कचेरी, कोर्ट, रुग्णालय, शाळा-कॉलेजे तिथेच आहेत आणि पंचक्रोशीतला माणूस त्यांच्यासाठी येतोच. ज्यांचा धंदा या माणसावर होता ते टिकले. ज्यांचा धंदा रात्रीच्या गाड्यांवर होता त्यांनी एक तर नव्या रस्त्यावरची फाट्याची जागा धरली किंवा धंदा बदलला. कारागिरांनी काय केले हे विशेष पाहण्यासारखे आहे. लाकडी खेळण्यांचे काम करणाऱ्यांनी गिऱ्हाईक दारात येण्याची वाट पाहणे कमी करून माल बाहेर धाडण्यावर भर दिला. गोव्यातली दुकाने, मुंबई-पुण्यातली प्रदर्शने, आणि अलीकडे फोनवरची मागणी. ज्या कारागिराच्या मालाला गावाचे नाव चिकटलेले असते त्याला रस्ता सोडून गेला तरी नाव सोडून जात नाही. आमच्यातल्या किती कारागिरांच्या मालाला असे नाव आहे? मालवणच्या सुक्या मासळीला आहे, खाज्याला आहे. आमच्या बेकरीच्या बटरला आणि खारीला का नसावे, हा प्रश्न आम्ही बेकरीवाल्या बांधवांपुढे ठेवतो.

दूरचे उदाहरण द्यायचे तर अमेरिकेत १९२६ साली शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा एक रस्ता आखला गेला, त्याचाही क्रमांक योगायोगाने ६६. त्याच्यावर शेकडो छोटी गावे पेट्रोल, जेवण आणि मुक्काम विकून जगत होती. १९५६ च्या कायद्याने प्रचंड रुंद, गावांना टाळून जाणारे रस्ते बांधले गेले आणि १९८५ मध्ये तो जुना क्रमांकच सरकारी यादीतून काढला गेला. मधल्या तीस वर्षांत एकेक गाव विझत गेले. जवळचे हवे असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहावा. २००२ मध्ये तो पूर्ण झाल्यावर खोपोलीतून जाणारा प्रवासी वरच्यावर निघून गेला आणि त्याचा चहा-वडा मार्गावरच्या फूड मॉलमध्ये गेला. तिथल्या गाळ्याचे भाडे आणि डिपॉझिट खोपोलीच्या टपरीवाल्याला झेपणारे नव्हते. तिथे दुकान मांडले ते ज्याच्याजवळ आधीच चार दुकाने होती त्याने.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

महामार्गाची जमीन राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ खाली घेतली जाते. कलम ३अ ची अधिसूचना राजपत्रात निघते, त्यानंतर एकवीस दिवसांत हरकत घेता येते. पुढे सक्षम प्राधिकारी, आमच्याकडे बहुधा प्रांत साहेब, मोबदला ठरवण्यापूर्वी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतात. त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. त्या नोटिशीत हितसंबंध असलेल्या सर्वांना दावे मांडायला बोलावलेले असते. इथे "मालक" हा शब्द नाही, "हितसंबंध असलेले" असे आहे, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. भाडेकरूचाही हितसंबंध असतो. मालक आणि भाडेकरू यांच्यात रकमेच्या वाटणीवरून वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मोबदल्याची रक्कमच कमी वाटली तर लवादाकडे जाता येते.

याशिवाय २०१३ चा भूसंपादन व पुनर्वसनाचा कायदा आहे. त्यातल्या मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनाला १ जानेवारी २०१५ पासून लागू झाल्या. या कायद्यात "बाधित कुटुंब" याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जमीन नसलेले, पण संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरणारे भाडेकरू आणि कारागीर यांचा त्यात समावेश आहे. दुसऱ्या अनुसूचीत कारागीर, छोटा व्यापारी आणि स्वयंरोजगार करणारा यांना विस्थापित व्हावे लागल्यास किमान पंचवीस हजार रुपये एकरकमी साहाय्य आहे. छोट्या दुकानासाठी किमान पंचवीस हजारांची आणि सामान हलवण्यासाठी पन्नास हजारांची तरतूद स्वतंत्र आहे. ही रक्कम मोठी नाही, हे आम्हालाही कळते. नव्या गाळ्याचे डिपॉझिटही त्यात निघत नाही. पण ती हक्काची आहे, कोणाची मेहरबानी नाही. आणि तिच्यासाठी अर्ज करणारा भाडेकरू सरकारी कागदावर एकदा आला की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याला विचारावे लागते.

मग आमच्या बांधवांना हे पैसे का मिळत नाहीत? कायदा वाईट आहे म्हणून नव्हे, कागद नाही म्हणून. दुकान आजोबांच्या काळापासून; भाडे दर महिन्याला हातात; पावती कधी मागितली नाही कारण मालक ओळखीचा, त्याच्या बापाचा आणि आपल्या बापाचा याराना. विजेचे मीटर मालकाच्या नावावर, घरपट्टी मालकाच्या नावावर, गुमास्ता काढलेला नाही. मोजणीवाले आले तेव्हा दुकान बंद, शेजाऱ्याने सांगितले "मालक मुंबईला आहेत" आणि पंचनाम्यात मालकाचे नाव चढले. तीस-चाळीस वर्षे एका जागी बसलेला माणूस कागदोपत्री तिथे कधी नव्हताच. त्याला तीन वर्षे सिद्ध करायची असतात आणि त्याच्याजवळ तीन महिन्यांचाही पुरावा नसतो.

यात मालक नेहमी परका असतो असेही नाही. गाळ्याचा मालक आमच्यातलाच आणि पावती न देणाराही आमच्यातलाच, असे आम्ही किती तरी ठिकाणी पाहतो. जुम्याला एका सफेत उभे राहणारे दोघे. एकाने भाडे द्यायचे, दुसऱ्याने लिहून द्यायचे नाही. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुक्म आमच्या दीनमध्ये किती स्पष्ट आहे, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. भाडे नियंत्रणाचा १९९९ चा राज्य कायदा ज्या गावांना लागू आहे तिथे तर भाड्याची पावती देणे आणि भाडेकराराची नोंदणी करणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमातीच्या बैठकीत लग्न-तलाकाचे तंटे सुटतात, तसा एखादा शुक्रवार या विषयाला द्यायला हरकत नाही.

मशिदीच्या आणि दर्ग्याच्या गाळ्यांची गोष्ट वेगळी काढून सांगतो. पेठेतल्या अनेक मशिदींचा खर्च, पेश इमामांचा पगार, वीजबिल, हे रस्त्याकडच्या दोन-चार गाळ्यांच्या भाड्यावर चालते. ते गाळे रुंदीकरणात गेले तर मोबदला कोणाच्या नावाने येणार? मिळकत वक्फ असेल तर वक्फ कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे संपादनाच्या कामात वक्फ मंडळाला नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. पण मिळकत मंडळाकडे नोंदलेलीच नसेल, मालमत्ता पत्रकावर एखाद्या मरहूम मुतवल्लीचे खाजगी नाव असेल, तर ती नोटीस जाणार कुठे? वारस पुढे येतात, पैसा घरात जातो आणि मशिदीच्या हाती काही लागत नाही. विश्वस्त मंडळींनी आपल्या मिळकतीचा उतारा शेवटचा कधी पाहिला, हे स्वतःलाच विचारावे. आणि आपल्या गाळ्यातल्या भाडेकरूला पावती देण्याचा आरंभ मशिदीच्या ट्रस्टने करावा.

दुसऱ्या टोकाला नवी जमीन घेणारे आहेत. चौपदरी रस्ता झाला तशा "हायवे टच" प्लॉटच्या जाहिराती सुरू झाल्या. आखातात कष्ट करून आणलेला पैसा या प्लॉटमध्ये टाकण्याचा मोह आमच्या बांधवांना होतो आणि त्यात गैर काही नाही. गावातली पेठ दबली तर पुढच्या पिढीने फाट्यावर जागा धरावी हा विचार शहाणपणाचाच आहे. फक्त एक गोष्ट विकणारा सांगत नाही. जमीन महामार्गाला लागून असली म्हणजे महामार्गावरून तिच्यात गाडी आत घेण्याचा हक्क मिळतो, असे नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या नियंत्रणाचा २००२ चा कायदा आहे. त्याप्रमाणे प्रवेशासाठी परवानगी लागते. पेट्रोल पंप, ढाबा, शोरूम काढणारा मोठा माणूस नकाशे, फी आणि पाठपुरावा करून ती मिळवतो. पाच गुंठेवाल्याला मात्र समोर लोखंडी कठडा आणि दुभाजक दिसतो. रस्त्यापासून किती अंतरावर बांधायचे याचेही नियम आहेत आणि ती रेषा सोडली तर पाच गुंठ्यांत दुकानाला उरते काय? इसारा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. जमीन बिनशेती झाली आहे काय? प्रवेशाची परवानगी कोणाच्या नावाने आहे? जोडरस्ता कुठे संपतो? उत्तर तोंडी मिळाले तर खिशात हात घालू नये. व्याजी कर्ज काढून असा प्लॉट घेतलेले आणि पुढे तो ना विकता येत, ना वापरता येत, असे बांधव आम्हाला भेटले आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहिणे आम्हाला बरे वाटत नाही.

गॅरेजवाल्यांना आम्ही निराळा सल्ला देऊ. हा एक धंदा असा आहे की जो रस्त्याबरोबर हलू शकतो आणि हलला पाहिजे. ट्रकचा स्प्रिंग-पाटा, टायर, बॅटरी, रेडिएटर यांचे काम चौकात राहून चालणार नाही. पुलावरून बिघडलेली गाडी खाली येत नाही, पुढे ढकलत नेता येईल तिथे जाते. फाट्याजवळ जोडरस्त्याला लागून दोघा-तिघांनी मिळून जागा भाड्याने घेतली, एकाचे वेल्डिंग, एकाचे टायर, एकाचे इलेक्ट्रिक, तर डिपॉझिट वाटले जाते आणि गिऱ्हाइकाचे एका जागी काम होते. उलट दुचाकीचे गॅरेज गावातच ठेवावे. तिचे गिऱ्हाईक वाडीवरचे आहे, ते महामार्गावर चढायला घाबरते. शिंपी, चप्पलवाला, घड्याळवाला यांनीही जागा सोडण्याची घाई करू नये. चिकन-मटणाचे दुकान आणि बेकरी यांचे गिऱ्हाईक मोहल्ल्याचे आणि हॉटेलांचे असते; त्यातले हॉटेल फाट्यावर गेले असेल तर माल पोचवावा, दुकान नव्हे. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षणात नाव आणि हातात प्रमाणपत्र असेल तर हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस मिळते. कणकवली, कुडाळच्या नगरपंचायतीत आणि मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेत जाऊन आपले नाव यादीत आहे की नाही, हे पाहायला एक सकाळ पुरते.

पुलाखालची जागा हाही एक प्रश्न आहे. तिथे पार्किंग हवे, दिवे हवेत, पलीकडे जायला वाट हवी, पाण्याचा निचरा हवा, या मागण्या व्यापारी संघाच्या बैठकीत ठरतात आणि निवेदने तिथूनच जातात. आमचे बांधव संघाची वर्गणी भरतात, बैठकीला जात नाहीत. वर्गणीच्या पावतीने खुर्ची मिळते, पण त्या खुर्चीवर बसायला जावे लागते.

हे सारे आज मालवणच्या बांधवांनी वाचावे अशी आमची विशेष विनंती आहे. कणकवली आणि सावंतवाडीत जे व्हायचे ते बरेचसे होऊन गेले. मालवणचे अजून व्हायचे आहे. रेवस ते रेडी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग बॅ. ए. आर. अंतुले यांच्या कारकिर्दीपासून चर्चेत आहे. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १ मे १९८१ रोजी, सिंधुदुर्ग जिल्हाही झाला. गेल्या काही वर्षांत या मार्गाच्या खाड्यांवरच्या पुलांना गती आली आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ला हे तिन्ही तालुके त्याच्या वाटेवर येतात. मालवणची पेठ भरड नाक्यापासून बंदरापर्यंत इतकी अरुंद आहे की समोरासमोर दोन मोटारी आल्या तर एक मागे घ्यावी लागते. अशा पेठेतून रुंद रस्ता जाणार नाही, तो बाहेरूनच जाईल, असे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच आहेत. बाहेरून गेला तरी सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आणि तारकर्लीला जाणारा पर्यटक कुठे उतरेल, कुठे जेवेल, सुकी मासळी आणि मसाला कुठे घेईल, हे तो रस्ताच ठरवणार. आणि जोडरस्त्यासाठी, चौक मोठा करण्यासाठी पेठेच्या टोकांवरची दुकाने हलवावी लागली तर मोजणी तिथेही येईल. हा मार्ग राज्याचा असल्याने संपादनाचा कायदा वेगळा, महाराष्ट्र महामार्ग कायदा, १९५५. कलमे बदलतील, मुदती बदलतील. कागद मात्र तेच लागतील.

म्हणून अधिसूचनेची वाट न पाहता आजच एक फाइल करावी. भाडेकरार, नसेल तर निदान नोटरीपुढचे लेखी, भाड्याच्या पावत्या, गुमास्ता कायद्याखालची नोंद, उद्यम नोंदणी, जी विनामूल्य आहे आणि कारागिरालाही मिळते, खाण्याच्या मालाचा धंदा असेल तर अन्न परवाना, विजेची बिले, शक्य असेल तर स्वतःच्या नावाच्या मीटरची, घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांवर दुकानाचा पत्ता, आणि वर्तमानपत्र शेजारी धरून काढलेला दुकानाचा फोटो, दर वर्षी एक. आमच्या ओळखीच्या एका मालवणच्या दुरुस्तीवाल्याने गेल्या रमजाननंतर मालकाकडे पावती मागितली. मालकाला राग आला, इतक्या वर्षांत विश्वास कमी झाला काय म्हणाला. प्रकरण महिनाभर तसेच राहिले. मग मालकाचा मुंबईचा मुलगाच म्हणाला, चाचा, भाडे दर महिन्याला माझ्या खात्यात फोनवरून टाकत जा, मला अब्बांकडून मागून घ्यायला नको. आता दर पाच तारखेला पैसे जातात आणि दुरुस्तीवाला प्रत्येक वेळी खाली महिना आणि गाळ्याचा नंबर लिहितो. त्याचा पासबुकाचा उतारा आम्ही पाहिला. सात नोंदी झाल्या होत्या.